'पारंपरिक' मच्छीमार : एका विशेषणाचा आणि एका अनुदानाचा इतिहास

शब्दांचा इतिहास शोधताना आपण बहुधा कोशांकडे, पोथ्यांकडे किंवा शिलालेखांकडे वळतो. शासननिर्णय, योजनांच्या पुस्तिका आणि परवान्यांचे अर्ज हीदेखील शब्दांची घरे आहेत आणि तेथे शब्दांचे अर्थ पुष्कळदा कवितेपेक्षा लवकर बदलतात, याची दखल साहित्याचे अभ्यासक क्वचितच घेतात. 'पारंपरिक' हे विशेषण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. समीक्षेत आपण ते 'आधुनिक'च्या समोर उभे करतो आणि पुढे जातो. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र गेल्या सत्तर वर्षांत याच विशेषणाभोवती कायदे झाले, समित्या बसल्या, भर समुद्रात नौका एकमेकींवर चालून गेल्या आणि सरकारी तिजोरीतून बराच पैसा वाटला गेला.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे मासेमारीच्या ताफ्याच्या नूतनीकरणासाठी दिले जाणारे सरकारी अनुदान आणि त्याच ताफ्याची क्षमता आटोक्यात ठेवण्याचे सरकारी प्रयत्न. एका हाताने नौका वाढवायच्या आणि दुसऱ्या हाताने कमी करायच्या, असा हा उघड विरोधाभास आहे. तो इतकी वर्षे टिकला कसा? माझ्या मते त्याचे एक कारण भाषेत आहे. आरंभी 'पारंपरिक' हे विशेषण जाळ्याला आणि होडीला लागत असे. आज ते माणसाला लागते. विशेषण तेच राहिले, विशेष्य बदलले. जाळ्याला लागलेल्या विशेषणात एक मर्यादा अंगभूत होती. माणसाकडे येताना ती गळून पडली.

१. होडी तीच, इंजिन नवे

इंग्रजी राजवटीत समुद्रातील माशाकडे सरकारचे लक्ष उशिरा गेले. १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' या वाफेवरच्या ट्रॉलरने मुंबईच्या समोरील समुद्राची पाहणी केली. पुढे एच. टी. सोर्ले या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवर सविस्तर अहवाल लिहिला. १९४६ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र काढले. आजच्या 'भारतीय मत्स्य सर्वेक्षण' या संस्थेचे ते मूळ होय. पण कोळीवाड्यातील माणसाच्या हाती सरकारी पैसा पोहोचू लागला तो स्वातंत्र्यानंतर. पहिल्या पंचवार्षिक योजनेने (१९५१-५६) मासेमारी होड्यांचे यांत्रिकीकरण हे आपले एक उद्दिष्ट मानले.

येथे पश्चिम किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. केरळात किंवा कोरोमंडल किनाऱ्यावर लाटांमधून ढकलल्या जाणाऱ्या लहान होड्या आणि लाकडी ओंडक्यांची कट्टुमरम् होती. तिच्यावर इंजिन बसवणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यातील कराराने केरळच्या नीण्डकरा परिसरात जो प्रकल्प सुरू झाला, त्याला पूर्णतः नव्या नौका बांधाव्या लागल्या. त्या नौका आणि कोळंबीची परदेशी बाजारपेठ यांतून तेथे एक नवा मालकवर्ग उभा राहिला आणि जुन्या मच्छीमारांशी त्याचा संघर्ष झाला. जॉन कुरियन यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो इतिहास तपशिलाने लिहिला आहे.

कोकणच्या उत्तर भागात, म्हणजे सातपाटी, वसई, वर्सोवा या पट्ट्यात, परिस्थिती वेगळी होती. येथील मचवे आणि होड्या मोठ्या, रुंद आणि शिडाच्या जोरावर दूर जाणाऱ्या होत्या. त्यांच्यात इंजिन बसत होते. सरकारने कर्ज दिले, अनुदान दिले, सहकारी संस्था काढायला उत्तेजन दिले. कोळ्याने इंजिन घेतले आणि जुन्याच होडीत बसवले. मालक तोच, तांडेल तोच, होडीचे नाव तेच, कुलदैवत तेच. यामुळे केरळात जी फूट ठळक दिसली ती येथे दिसली नाही. यांत्रिकीकरण परंपरेच्या पोटातच शिरले.

साठ-सत्तरच्या दशकांत सुताच्या आणि सणाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. बर्फाचे कारखाने आले. राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे (स्थापना १९६३) कर्ज संस्थांमार्फत नौकांना मिळू लागले. नौकेच्या किमतीचा एक भाग अनुदान, एक भाग मालकाचा, उरलेला कर्ज, ही रचना कोळीवाड्यांत परिचयाची झाली. कोळीगीतांतला नाखवा या सर्व काळात वल्ही मारत आणि शीड उभारत राहिला. गीताने इंजिनाची नोंद घेतली नाही, याचा दोष गीताला देता येत नाही. ज्यांच्याविषयी गीत होते त्यांनाही आपण बदललो असे वाटत नव्हते.

२. जाळ्यात दडलेली मर्यादा

'पारंपरिक' हे विशेषण जाळ्याला लागत होते असे वर म्हटले, त्याचा खुलासा करतो.

रायगडपासून पालघरपर्यंत डोल जाळे वापरले जाते. समुद्राच्या तळाशी खुंट रोवून त्याला पिशवीसारखे जाळे बांधतात. भरतीओहोटीच्या प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा, करंदी त्यात येतात. माणूस माशाच्या मागे जात नाही. प्रवाहाची वाट पाहतो. प्रवाह मंदावला की जाळे रिकामे. खुंट रोवण्याच्या जागांवर गावांचे आणि कुटुंबांचे रूढ हक्क होते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण होती. किनाऱ्याजवळ अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि दोन्ही टोकांनी पन्नास-शंभर माणसांनी ते वाळूवर ओढायचे. मिळेल त्याचे वाटे पडायचे. जेथे वाळूचा किनारा नाही तेथे रापण नाही, जेथे माणसे जमणार नाहीत तेथेही नाही. आणि सर्वत्र पावसाळ्याचे महिने समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावरच होड्या पाण्यात जात.

हे सारे कोळ्यांनी माशांच्या रक्षणासाठी मुद्दाम योजले होते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पावसाळ्यातील समुद्रात शिडाची होडी टिकत नसे, म्हणून ती बंद असे. परंतु हेतू काहीही असो, परिणाम मर्यादेचा होता. साधनाच्या दुबळेपणातच ताफ्याच्या क्षमतेचे नियंत्रण होते आणि ते कोणाला वेगळे लिहून काढावे लागले नव्हते. इंजिन, नायलॉन आणि बर्फ यांनी हा दुबळेपणा घालवला. त्याबरोबर नियंत्रणही गेले. सरकारने पहिल्या गोष्टीसाठी पैसे दिले होते. दुसरी गोष्ट गेली आहे हे लक्षात यायला तीन दशके लागली.

अनुदानाने मर्यादा कशी मोडते याचे बोलके उदाहरण पालघरच्या समोरच्या समुद्रात आहे. पूर्वी डोलकरांचे खुंट आपापल्या गावासमोर असत. इंजिन आल्यावर वसई-उत्तनकडील डोलकर उत्तरेकडे दूरवर जाऊन आपल्या कवी मारू लागले. ('कव' म्हणजे डोल जाळे बांधण्याची जागा. तिचे अनेकवचन 'कवी'. साहित्याच्या वाचकाने दचकू नये.) सातपाटी-डहाणूचे मच्छीमार तेथे पापलेटसाठी दालदी जाळी सोडत. उभ्या कवींमध्ये वाहती जाळी अडकू लागली. हा वाद अनेक दशके धुमसत आहे. दोन्ही बाजू स्वतःला पारंपरिक म्हणवतात आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे.

३. कायद्यात आलेले विशेषण

सत्तरच्या दशकात गोव्यात ट्रॉलरांविरुद्ध रापणकारांनी आंदोलन उभे केले. मातान्ही साल्ढाना यांच्या नेतृत्वाखालील 'गोंयच्या रापणकारांचो एकवट' ही संघटना त्यातली. ट्रॉलरांना कर्जे आणि सवलती मिळत होत्या, आणि त्यांचे मालक पुष्कळदा मासेमारीत पूर्वी कधी नसलेले लोक होते. ट्रॉलर किनाऱ्याजवळच कोळंबीसाठी तळ खरवडत. रापण ज्या पाण्यात टाकली जाते तेच ते पाणी. या आणि केरळातील संघर्षांतून केंद्राने नमुना विधेयक तयार केले आणि केरळ व गोव्याने १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले.

हे कायदे समुद्राची वाटणी करतात. किनाऱ्यालगतचे, ठरावीक वाव खोलीपर्यंतचे पाणी लहान साधनांसाठी आणि त्यापलीकडचे यांत्रिक साधनांसाठी. येथे 'पारंपरिक' या कल्पनेला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि ते साधनाच्या आधारे मिळाले. रापण ओढणारा कोण, त्याची जात कोणती, हा प्रश्न गौण होता. जाळे कोणते, हा मुख्य होता.

दहा वर्षांत शब्दाने कूस बदलली. १९९१ च्या आर्थिक धोरणाबरोबर केंद्राने संयुक्त उपक्रमांच्या नावाखाली परदेशी जहाजांना भारताच्या आर्थिक क्षेत्रातील समुद्र खुला केला. त्याविरुद्ध १९९४ मध्ये देशभर मच्छीमारांचा संप झाला. कोकणातील कोळी, केरळातील कट्टुमरमवाले आणि कालपर्यंत ज्यांच्याशी भांडण होते ते ट्रॉलरमालकही एका बाजूला आले. पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये परदेशी जहाजांचे परवाने रद्द करण्याची आणि हा समुद्र देशी ताफ्यासाठी राखण्याची शिफारस केली. लढा न्याय्य होता आणि यशस्वीही झाला. पण त्याने एक गोष्ट केली. परदेशी कारखानी जहाजाच्या समोर उभे राहिल्यावर ट्रॉलरही पारंपरिक दिसू लागला. विशेषण जाळ्यावरून उठले आणि किनाऱ्यावरच्या सर्व माणसांवर पसरले.

त्यानंतर पर्ससीन आले. हे जाळे थव्याभोवती वर्तुळाकार टाकून खालून बटव्यासारखे आवळतात. तारली, बांगडा यांचा अख्खा थवा एका वेळी येतो. रत्नागिरी हे त्याचे मोठे केंद्र. मालवण-आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापणकार आणि लहान नौकावाले यांच्याशी पर्ससीनवाल्यांचे खटके उडाले, समुद्रात हाणामाऱ्या झाल्या. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. वि. स. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालावर आधारित आदेश ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निघाला. पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती आणि ठरलेल्या क्षेत्रापुरती ठेवायची आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत अंतिमतः १८२ वर आणायचे, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंडाच्या रकमा लाखांवर नेल्या.

ताफ्याच्या क्षमतेला एक आकडा ठरवून दिला जाण्याचा महाराष्ट्रातील हा ठळक प्रसंग आहे आणि म्हणून तो महत्त्वाचा आहे. परंतु त्या वेळच्या वादात 'पारंपरिक' या गटात कोण होते? रापणकार होते, तसेच सहा सिलिंडरच्या इंजिनावर चालणारे डोलकर, दालदीवाले आणि पुष्कळ ठिकाणी ट्रॉलरवालेही होते. १९५१ मध्ये ज्या गोष्टी 'आधुनिक' म्हणून अनुदानाने आणल्या गेल्या, त्या २०१६ मध्ये 'पारंपरिक' म्हणून संरक्षण मागत होत्या. आणि यात कोणी लबाडी केली असे नाही. दोन पिढ्या एखादे साधन वापरले की ते आपले होते. परंपरा अशाच बनतात, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगायला नको. छापखाना, गद्य, कादंबरी, मुक्तछंद यांच्याबाबत आपण हेच पाहिले आहे. फरक एवढाच की कादंबऱ्यांची संख्या वाढल्याने भाषा आटत नाही.

४. क्षमता : खाणीची, तलावाची, समुद्राची

'क्षमता' हा शब्द विदर्भाच्या पूर्व टोकाला सध्या सर्वांच्या तोंडी आहे, तो मासळीमुळे नव्हे तर लोहखनिजामुळे. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावरील खाणीची वार्षिक क्षमता २०२३ मध्ये ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली. त्या डोंगराचे, तेथील माडिया गावांचे आणि त्यांच्या देवस्थानांचे प्रश्न स्वतंत्र आणि गंभीर आहेत. येथे मला फक्त शब्दाकडे पाहायचे आहे. खाणीच्या कागदात क्षमता म्हणजे वर्षाला किती टन काढता येतील याचा आकडा. साठा किती, तो किती वर्षांत संपेल, हा हिशेब सरळ आहे, कारण खनिज वाढत नाही. क्षमता दुप्पट केली तर साठा निम्म्या काळात संपेल, पण वर्षाचे उत्पादन दुप्पट होईल हे नक्की.

मासळीचे गणित असे चालत नाही. अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये दाखवले की ज्या पाण्याला कोणी धनी नाही त्यात नौका तोपर्यंत वाढत राहतात जोपर्यंत सगळ्यांचा नफा शून्यावर येत नाही. एका मर्यादेपलीकडे नौका वाढल्या की एकूण मासळी वाढत नाही, घटते, कारण वाढीला लागणारे पिल्लू आणि अंडी देणारी मादी हीच जाळ्यात जातात. म्हणून मासेमारीत 'क्षमता' वाढवणे आणि उत्पादन वाढवणे या दोन गोष्टी एक नाहीत. काही टप्प्यावर त्या परस्परविरोधी आहेत. सरकारी योजनांनी मात्र पुष्कळ काळ माशाकडे खनिजासारखे पाहिले.

त्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रदेशात याचे उलट उदाहरणही आहे. गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले तेथील तलाव १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. ढिवर समाजाच्या सहकारी संस्था तेथे ठेक्याने मासेमारी करतात. तेथेही सरकारी मदत असते, मत्स्यबीजासाठी, जाळ्यांसाठी. त्या व्यवस्थेत अडचणी आहेत. ठेक्याची रक्कम, तलावातला गाळ, देशी माशांच्या जाती मागे पडणे, या तक्रारी जुन्या आहेत. पण एक गोष्ट तेथे स्पष्ट असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तलावाचा काठ सर्वांना दिसतो. किती डोंगे मावतील आणि किती घरे त्यावर जगतील हे सभासदांना मोजता येते. तलावात बीज सोडता येते. समुद्रात फक्त नौका सोडता येतात. आणि समुद्राचा काठ कोणालाच दिसत नाही.

५. नूतनीकरण म्हणजे काय?

'नूतनीकरण' या शब्दाचा अर्थ जुन्याच्या जागी नवे. मासेमारीच्या ताफ्याबाबत तो खरा ठरायचा तर नवी नौका पाण्यात येण्याआधी जुनी कायमची बाहेर जायला हवी, आणि नवी नौका जुनीपेक्षा अधिक ताकदीची नसायला हवी. युरोपीय संघाने हा धडा महागात घेतला. १९८३ ते २००२ या काळात त्यांचे ताफा घटवण्याचे बहुवार्षिक कार्यक्रम चालले. त्याच काळात नव्या नौका बांधायलाही साहाय्य मिळत होते. एका खिडकीवर नौका मोडण्याचे पैसे, दुसऱ्या खिडकीवर बांधण्याचे. अखेर २००२ च्या सुधारणेने नवी नौका बांधण्याचे अनुदान २००४ अखेर थांबवले आणि जेवढी क्षमता बाहेर जाईल तेवढीच आत येईल असा नियम केला. क्षमता मोजायची ती नौकांच्या संख्येवरून नव्हे, तर त्यांचे आकारमान आणि इंजिनाची शक्ती यांवरून, हेही तेथे ठरले होते.

आपल्याकडच्या चर्चेत नौका अजून 'नग' म्हणून मोजली जाते. २०१० च्या सागरी मत्स्यगणनेत महाराष्ट्रात यांत्रिक नौका १३ हजारांच्या घरात आणि बिगरयांत्रिक होड्या ३ हजारांहून कमी होत्या. पण त्या १३ हजारांत लहानशी डोलकराची नौका एक आणि मोठा पर्ससीनही एक. जुन्या होडीच्या जागी नवी घेताना प्रत्येक वेळी लांबी थोडी वाढते, इंजिन थोडे मोठे होते, मासा शोधणारे यंत्र येते. नगांची संख्या स्थिर राहूनही ताफा दुप्पट होऊ शकतो.

नौकेच्या अनुदानापेक्षा अधिक परिणाम करणारे, पण कमी दिसणारे साहाय्य म्हणजे डिझेलचा परतावा. यांत्रिक नौकांनी भरलेल्या डिझेलवरील राज्याचा विक्रीकर संस्थांमार्फत परत मिळतो. मच्छीमारांचा युक्तिवाद असा की इंधनावरचा कर मुख्यतः रस्त्यांसाठी असतो, समुद्रात रस्ता कोठे आहे? हा युक्तिवाद चुकीचा नाही. परताव्याची रक्कम वर्षानुवर्षे थकते, ही तक्रारही खरी आहे. परंतु त्याचा दुसरा परिणाम पाहावा. समजा, एका फेरीला डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी धरून १ लाख रुपये खर्च येतो आणि मासळी ९५ हजारांची मिळते. परतावा नसेल तर मालक नौका धक्क्याला बांधेल. १० हजारांचा परतावा मिळणार असेल तर ती पुन्हा निघेल. मासळी कमी झाली आहे हे समुद्राचे सांगणे त्या १० हजारांखाली दबते. जगभरच्या मासेमारी अनुदानांचा राशिद सुमैला आणि सहकाऱ्यांनी काढलेला अंदाज २०१८ साठी ३५.४ अब्ज डॉलर होता. त्यातले २२.२ अब्ज डॉलर क्षमता वाढवणारे होते, आणि इंधनाचे साहाय्य हा त्यातला सर्वांत मोठा हिस्सा.

जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांवरील करार जून २०२२ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. बेकायदा मासेमारीला आणि अतिशोषित साठ्यांवरील मासेमारीला अनुदान देऊ नये, एवढे त्यात आहे. जादा क्षमतेचा मूळ प्रश्न पुढील वाटाघाटींवर ठेवला गेला. भारताची भूमिका अशी की दूरच्या समुद्रात न जाणाऱ्या विकसनशील देशांना २५ वर्षांची मोकळीक हवी. ज्या देशांच्या प्रचंड ताफ्यांनी जगाचे समुद्र उपसले त्यांनी आधी हात आवरावेत, यात न्याय आहे. मात्र दुसऱ्याने आधी आवरावे हे म्हणणे खरे असले, तरी त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरचा मासा वाढत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राची मासळी २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळेही होती. पण वादळे एकटी एवढे करत नाहीत.

६. विशेष्य बदलल्यावर

मे २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना मंजूर झाली. तिच्या दोन घटकांची नावे वाचण्यासारखी आहेत. एक आहे पारंपरिक मच्छीमारांना होड्या (बदली) आणि जाळी पुरवण्याचा. दुसरा आहे पारंपरिक मच्छीमारांना खोल समुद्रातील मासेमारी नौका घेण्यास साहाय्य करण्याचा. या दुसऱ्या घटकात नौकेची किंमत १ कोटी २० लाख रुपये धरलेली आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान.

'पारंपरिक मच्छीमाराची खोल समुद्रातील नौका' या शब्दसंहतीत कोणाला विसंगती जाणवत नाही, हे आपल्या विषयाचे सार आहे. १९८१ च्या कायद्याच्या भाषेत ती जाणवली असती. विशेषण आता पूर्णपणे माणसाचे झाले आहे. माणूस पारंपरिक असला की त्याच्या हातातले कोणतेही साधन चालते. खोल समुद्रात जाऊन किनाऱ्यावरचा भार हलका करावा, हा योजनेचा हेतू चांगला आहे. पण जो खोल समुद्रात गेला त्याची किनाऱ्यावरची नौका बाहेर पडली का, हा प्रश्न विचारणारा शब्द त्या नावात नाही. 'बदली' हा शब्द आहे तो होडीच्या घटकात, तोही कंसात.

विशेषण माणसाकडे गेल्याने आणखी एक गोष्ट घडली. कोणता माणूस, हे ठरवावे लागले आणि तो बहुधा नौकेचा मालक ठरला. खलाशी हा शब्द अनुदानाच्या भाषेत क्वचित येतो. रत्नागिरीच्या नौकांवर आज नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत. पालघरच्या नौकांवर डोंगरपट्ट्यातील आदिवासी आहेत. मासेमारी त्यांच्या हातांनी होते, पण परंपरा त्यांची नाही, म्हणून अनुदानही नाही. आणि मासळी विकणारी बाई? होडी गावाच्या किनाऱ्याला लागत असे तेव्हा टोपली तिची होती, भाव तिचा होता, रोकड तिच्या हाती असे. मोठ्या नौका ससून डॉक, भाऊचा धक्का, मिरकरवाडा येथे लागू लागल्या तसा लिलाव आणि घाऊक व्यापारी मध्ये आला. नौकेसाठी दिलेल्या प्रत्येक रुपयाने तिला किनाऱ्यापासून थोडे दूर नेले. १९५१ पासूनच्या परंपरेत सर्वांत जुना व्यवहार तिचा, आणि नूतनीकरणात सर्वांत कमी वाटा तिचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले. त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांची किमान आकारमाने ठरवली गेली. पापलेटचे १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पिल्लू पकडायचे नाही. हा नियम मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण भाषिक आहे. या नियमात 'पारंपरिक' हा शब्द नाही. तो माणूस कोण हे विचारत नाही, मासा केवढा हे विचारतो. लहान पापलेट डोल जाळ्यातही येतो, ट्रॉलरमध्येही येतो. नियम दोघांना सारखा लागतो. विशेषणाने गमावलेली मर्यादा अशी संख्येच्या रूपाने परत येऊ पाहत आहे. ती अमलात येईल की नाही, हे बाजारात पट्टी घेऊन उभे राहणाऱ्यांवर अवलंबून आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्याच्या बरोबरीने वागवावे, ही मागणी जुनी आणि रास्त होती. फक्त एक भेद विसरता कामा नये. शेतकऱ्याला अनुदान दिले तर तो आपल्याच बांधाच्या आत अधिक पिकवतो किंवा आपलीच जमीन खराब करतो. समुद्राला बांध नाही. तेथे एकाला दिलेले अनुदान दुसऱ्याच्या जाळ्यातून वसूल होते. म्हणून मच्छीमाराला मदत करायची तर ती नौकेला द्यावी की बंदीच्या महिन्यांत घरी बसलेल्या खलाशाला, डिझेलला द्यावी की जुनी नौका कायमची मोडणाऱ्याला, इंजिनाला द्यावी की टोपलीला, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. 'पारंपरिक' या विशेषणाने आजवर ही निवड टाळायला मदत केली, कारण त्याच्या छायेत सगळे मावत होते. समुद्रात सगळे मावत नाहीत. हे कोणाला तरी, कोणाच्या तरी नौकेचे नाव घेऊन, सांगावे लागेल. ते सांगण्यासाठी लागणारी भाषा शासननिर्णयात अजून तयार झालेली नाही, आणि आपल्या साहित्यातही नाही.